तारीख मिळवून देणारे वकील

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ग्रँड कॉन्कोर्स नावाचा रुंद रस्ता आहे. तिथल्या १११८ क्रमांकाच्या इमारतीत घरमालक-भाडेकरूंचं कोर्ट भरतं. सकाळी दाराशी तपासणीची रांग असते. पट्टे, किल्ल्या, चिल्लर सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायचं आणि मग लिफ्टसाठी दुसऱ्या रांगेत उभं राहायचं. रांगेतल्या बहुतेकांच्या हातात कागदांनी फुगलेला लिफाफा असतो, काहींबरोबर बाबागाडीही.

हे हाउसिंग कोर्ट १९७३ साली सुरू झालं. घरं राहण्यालायक राहावीत, गळकी छपरं आणि बंद हीटर मालकांकडून दुरुस्त करून घ्यावेत, हा मूळ हेतू. प्रत्यक्षात दाव्यांचा ओघ उलटा वाहू लागला. मालकांनी भाडेकरूंवर भरलेले थकबाकीचे आणि ताब्याचे दावे इतके वाढले, की कोर्ट म्हणजे वसुलीचा कारखाना होऊन बसला. खरं कामकाज न्यायाधीशांसमोर नव्हे, बाहेरच्या व्हरांड्यात चालायचं. मालकाचा वकील फायलींचा गठ्ठा घेऊन नावं पुकारायचा. भाडेकरू पुढे यायचा, आणि कित्येकदा हा कोर्टाचाच साहेब आहे असं समजून मान डोलवायचा. छापील फॉर्मवर हातानं अटी लिहिल्या जायच्या : इतकी रक्कम अमुक तारखेपर्यंत, नाही भरली तर घर खाली. तडजोड म्हणून त्यावर सही व्हायची. २०१३ साली या कोर्टात वकील घेऊन उभे राहणारे भाडेकरू शंभरात एक होते. मालकांच्या बाजूला मात्र जवळपास प्रत्येकाला वकील होता.

फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकारनं वकील दिलाच पाहिजे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली गिडिअन खटल्यात ठरवलं. घर जाणाऱ्या माणसाला मात्र असा हक्क नव्हता. दुकानातून काही चोरलं तर वकील फुकट, डोक्यावरचं छप्पर जात असेल तर ज्याचा तो समर्थ! आपल्याकडे, निदान कागदावर, स्थिती बरी म्हणायची : १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या कुणालाही दिवाणी दाव्यातसुद्धा मोफत वकील मागता येतो. तो किती जण मागतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.

न्यूयॉर्कमध्ये ही पोकळी धर्मादाय संस्थांनी जमेल तशी भरली. त्यातली सर्वांत जुनी लीगल एड सोसायटी १८७६ साली जर्मन स्थलांतरितांच्या मदतीसाठी निघाली. १९६०च्या दशकात गरिबीविरोधी मोहिमेच्या पैशावर वस्त्या-वस्त्यांत वकिलांची छोटी कार्यालयं उघडली. पण दावे लाखांत आणि वकील मूठभर, त्यामुळे दारावर आलेल्या बहुतेकांना परत पाठवावं लागे. भाडेकरू संघटनांनी २०१४ पासून आघाडी करून रेटा लावला आणि ऑगस्ट २०१७मध्ये महापौर बिल द ब्लाझिओ यांनी कायद्यावर सही केली. घर खाली करण्याच्या दाव्यात गरीब भाडेकरूला वकील मिळण्याचा हक्क देणारं न्यूयॉर्क हे अमेरिकेतलं पहिलं शहर. पूर्ण वकिलीसाठी उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या दुप्पट. पैसे महापालिका देते, काम ना-नफा संस्था करतात आणि अशिलाला फी शून्य.

आता या वकिलाचं काम जवळून पाहू. सिनेमातल्या वकिलीशी त्याचा फारसा संबंध नाही. उलटतपासणीचे डाव क्वचितच रंगतात. दिवसाचा बराचसा भाग कागद वाचण्यात जातो.

समजा, अशिलानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांचा ढीग टेबलावर ओतला. वकील आधी थकबाकीची मागणी शोधतो. लेखी मागणीनंतर चौदा दिवस द्यावेच लागतात. तेरा दिले असतील तर दावाच लटपटतो. मागणीतली रक्कम नुसत्या भाड्याची आहे, की तिच्यात विलंब शुल्क आणि वकिलाची फीसुद्धा घुसडली आहे? मग बजावणी. समन्स हातात दिलं, घरातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाकडे दिलं, की दाराला चिकटवलं? चिकटवलं असेल तर तेच कागद टपालानंही, साध्या आणि नोंदणीकृत अशा दोन्ही प्रकारांनी, पाठवावे लागतात. समन्स न बजावताच ‘बजावलं’ म्हणून प्रतिज्ञापत्र ठोकून द्यायची खोड या शहरात जुनी आहे. म्हणून वकील विचारतो, त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठे होतात? अशील सांगते, कामावर, हे बघा हजेरीचे कागद. इथे दाव्याला पहिली भेग पडते.

पुढची पायरी जास्त फलदायी. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख घरं भाडेनियंत्रणाखाली आहेत. ढोबळ मानानं १९७४ पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा अधिक घरांच्या इमारतींतली. अशा घराचं भाडं वर्षाला किती वाढवायचं हे एक मंडळ ठरवतं. राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे प्रत्येक घराचा भाड्याचा इतिहास नोंदलेला असतो आणि भाडेकरूला तो मागवता येतो. हा छापील तक्ता म्हणजे घराचा सातबाराच! त्यात एखाद्या वर्षी भाड्यानं अचानक उडी मारलेली दिसते, किंवा मधली काही वर्षं कोरी असतात. जाणूनबुजून जादा भाडं घेतल्याचं सिद्ध झालं, तर मालकाला तिप्पट परत करावं लागतं. थकबाकीदार म्हणून कोर्टात आलेली बाई अशा वेळी घेणेकरी होऊन बाहेर पडते. रोज असं घडत नाही, पण घडतं.

तिसरा मुद्दा घराच्या अवस्थेचा. घर राहण्यालायक ठेवण्याची हमी १९७५ पासून प्रत्येक भाडेकरारात कायद्यानंच गृहीत धरली आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा उबेचा हंगाम. दिवसा बाहेरचं तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, तर घरात २० अंश ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणून वकील अशिलाला सांगतो, थर्मामीटर घ्या, वहीत तारीख-वेळ टिपा, फोटो काढा आणि शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार नोंदवा. उंदीर, बुरशी, शिशाचा रंग, सगळ्याची तक्रार. निरीक्षक येऊन नोंद करून गेला, की भाड्यातून सूट मागायला आधार मिळतो.

आणि यातलं काहीच निघालं नाही तर? भाडं खरंच थकलंय, कागद बिनचूक आहेत, हीटर चालू आहे. फक्त नोकरी गेली किंवा मूल इस्पितळात होतं. अशी प्रकरणं थोडी नाहीत. तिथे वकील फॉर्म भरणारा कारकून होतो. शहराच्या समाजकल्याण खात्याकडून थकबाकीपोटी एकरकमी मदत मिळते. तिला सगळे ‘वन शॉट डील’ म्हणतात. अर्ज, पगाराच्या पावत्या, मालकाचं पत्र, राहून गेलेली एक सही, मग पुन्हा अर्ज. मंजुरीला आठवडे लागतात, आणि तोवर कोर्टाची तारीख येऊन ठेपते.

या वकिलीचं मर्म मला इथेच दिसतं. आपल्याकडे तारीख म्हणजे शिवी. वडिलांनी भरलेला दावा नातवानं संपवायचा, ही आपली कोर्टाची ओळख. तिकडे या कोर्टाचा वेगच भाडेकरूचा शत्रू आहे. एकट्या माणसाचं प्रकरण काही मिनिटांत उरकायचं. वकील उभा राहतो आणि मुदत मागतो. २०१९च्या राज्य कायद्यानं त्याला आणखी बळ दिलं : सुनावणीपूर्वी मागितली तर किमान चौदा दिवसांची मुदत, आणि निकाल विरुद्ध गेला तरी अडचण दाखवल्यास घर सोडायला एक वर्षापर्यंत अवधी. त्या दिवसांत मदत मंजूर होते, नवी नोकरी लागते, मुलीची परीक्षा पार पडते. निदान दुसरं घर तरी शोधता येतं.

मराठी वाचकाची सहानुभूती इथे मालकाकडे झुकेल, हे मला ठाऊक आहे. कोथरूडचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर देताना आपल्या पोटात गोळा येतो, कारण पागडीची घरं आणि मुंबईच्या लघुवाद न्यायालयातले दावे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत. न्यूयॉर्कमध्येही खाली स्वतः राहून वरचा मजला भाड्यानं देणारे छोटे मालक आहेत. बँकेचा हप्ता त्यांनाही चुकत नाही, आणि भाडेकरूला मिळालेल्या प्रत्येक मुदतीची किंमत तेच मोजतात. याला भाडेकरूंच्या वकिलांकडे पुरतं उत्तर नाही. मदतीचे पैसे लवकर मिळाले तर दोघंही सुटतील, एवढं ते म्हणतात, आणि ते खरं आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. या शहरात घराचा ताबा कोर्टाचे पगारी बेलीफ घेत नाहीत; महापौरांनी नेमलेले, फीवर जगणारे मार्शल घेतात. २०१३ साली त्यांनी सुमारे २९ हजार घरं खाली केली, २०१९ साली सुमारे १७ हजार. सगळं श्रेय वकिलांचं नाही, २०१९च्या कायद्याचाही त्यात वाटा आहे. पुढे सॅन फ्रान्सिस्को, फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड अशा शहरांनी आपापले कायदे केले.

मग करोना आला. घर खाली करण्यावरची राज्याची बंदी १५ जानेवारी २०२२ रोजी उठली आणि तुंबलेले दावे एकदम सुटले. त्याआधीच, २०२१ साली, वकिलाचा हक्क सगळ्या शहराला लागू झाला होता. हक्क होता, माणसं नव्हती. संस्थांनी कोर्टाला कळवलं, की यापुढची प्रकरणं आम्हाला घेता येणार नाहीत. कोर्ट थांबलं नाही. काही भाडेकरू पुन्हा एकटेच उभे राहिले. या संस्थांतल्या वकिलांचा पगार खासगी वकिलीच्या मानानं तोकडा, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. सार्वजनिक सेवेत दहा वर्षं हप्ते भरले तर उरलेलं कर्ज माफ होतं, हे एक आमिष. तरी ती दहा वर्षं पुरी होण्याआधीच अनेक जण थकून निघून जातात.

टिकून राहतात त्यांतले काही एकेका दाव्याऐवजी इमारतच हाती घेतात. मालकानं इमारत वाऱ्यावर सोडली असेल, तर एक तृतीयांश भाडेकरू मिळून कोर्टाकडे प्रशासक मागू शकतात. तो भाडं गोळा करतो आणि त्याच पैशातून बॉयलर, छप्पर, जिने दुरुस्त करून घेतो. त्यासाठी वकिलाला संध्याकाळी इमारतीच्या तळमजल्यावर सभा घ्यावी लागते, स्पॅनिश आणि बंगाली दुभाषे बरोबर घेऊन. अठरा घरं असतील तर सहा हव्यात. चार घरं लगेच तयार होतात, पाचवं नवऱ्याला विचारून सांगतो म्हणतं. सहाव्या घरातला माणूस रात्रपाळीवर असतो. त्याला गाठायला पहाटे परत यावं लागतं.