हरीण सर्वांचं, शेत एकट्याचं

दिवाळीच्या सुमारास येवला तालुक्यातल्या राजापूर, ममदापूर, खरवंडी, देवदरी या गावांत शेतकऱ्यांच्या रात्री राखणीत जातात. मका निघालेला असतो, लाल कांदा वाफ्यात उभा असतो, हरभरा जेमतेम वीतभर वर आलेला असतो. नेमका हा कोवळा पाला काळविटांना हवा असतो. कळप रात्रभर एका शेतात रेंगाळला तर शेंडे खुडले जातात आणि खुरांखाली वाफे तुडवले जातात, ते वेगळंच. डबे वाजवून होतात, फटाके फोडून होतात, बांधावर जुन्या साड्या बांधून होतात, कुणी झटका मशीनही बसवतो. एवढं करूनही पीक गेलं, की शेतकरी विचारतो: माझं रान खाणाऱ्या जनावराला मी हातही लावायचा नाही, तर मी खायचं काय?

हा प्रश्न चुकवून वन्यजीवप्रेमाच्या गोष्टी करणं अप्रामाणिक आहे. शिकारीला परवानगी द्या, ही मागणीही क्रूरपणातून येत नाही. ती हतबलतेतून येते. म्हणून माणसांच्या वस्तीत हरणांची शिकार योग्य आहे का आणि मुळात ती शक्य तरी आहे का, हे दोन्ही प्रश्न नीट तपासायला हवेत.

माळावरचं जनावर

नाशिक म्हटलं की सह्याद्री आणि पाऊस आठवतो. पण जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. येवला हा त्यातलाच कोरडा तालुका. इथे घनदाट जंगल नाही. आहे ती गवताळ, खडकाळ, उघडी माळरानं. काळविटाला हेच लागतं. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावू शकणारं हे जनावर दाट झाडीत सुरक्षित नसतं. दूरवर दिसेल अशी मोकळी जागा आणि धावायला माळ, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. आपण त्याला सहज हरीण म्हणतो, पण चितळ-सांबरासारखी त्याची शिंगं गळून पुन्हा येत नाहीत. गाय-शेळीच्या कुळातलं हे कुरंग आहे. नराची पिळदार शिंगं आयुष्यभर टिकतात.

इथल्या वनजमिनीला 2014 मध्ये ममदापूर संवर्धन राखीव असा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे 54 चौरस किलोमीटर. संवर्धन राखीव ही तरतूद वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्रही नाशिक जिल्ह्यातच आहे, 2008 मध्ये घोषित झालेलं बोरगड. अभयारण्याच्या मानाने इथले निर्बंध सैल असतात, आणि राखीव क्षेत्र फक्त सरकारी जमिनीवर असतं. ममदापूरच्या वनजमिनीला लागून शेतं आहेत, शेतांत वस्त्या आहेत, वस्त्यांवर शाळेत जाणारी पोरं आहेत. नकाशावरची हद्द काळविटाला कळत नाही. माळावरचं गवत वाळलं, की पलीकडचा ओलिताचा हिरवा पट्टा त्याला दिसतो.

कायद्याची चौकट

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीला. 2022 च्या दुरुस्तीनंतरही ते तिथेच आहे. अशा प्राण्याला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तीही प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असेल तरच. पिकाचं नुकसान हे कारण इथे चालत नाही. शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे.

रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर यांचं वेगळं आहे. त्यांच्याबाबत उभ्या पिकाची हानी हे कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये त्यांच्यासाठी परवान्याची पद्धत ठरवून दिली. म्हणून विदर्भातला शेतकरी निदान अर्ज तरी करू शकतो. येवल्यातल्या शेतकऱ्यासाठी ते दारही बंद आहे.

हे दार का बंद झालं, याला इतिहास आहे. संस्थानी काळात काळवीट हे शिकारीचं आवडतं जनावर होतं. कोल्हापूर दरबारात पाळीव चित्ते सोडून काळविटांचा पाठलाग करण्याचा खेळ प्रसिद्ध होता. स्वातंत्र्यानंतर जीप आणि बंदूक घेऊन माळरानं धुंडाळली गेली आणि कळप झपाट्याने घटले. 1972 च्या कायद्याने ही घसरण थांबवली. आज जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत काळवीट कमी चिंतेच्या गटात आहे. ते पुन्हा दिसू लागलं, हे संरक्षणाचं यश आहे. या यशाचा भार मात्र ज्यांच्या शेतात कळप उतरतात त्यांच्यावर पडला.

अमेरिकेतलं परसदार

हाच पेच अमेरिकेच्या उपनगरांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं शिकारीमुळे जवळजवळ संपत आली होती. आज त्यांची संख्या कोट्यवधींत आहे. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागातून हटवले गेले, जंगलाच्या कडेला घरं आणि बागा आल्या, आणि हरणांना शत्रूविना भरपूर खाणं मिळालं. रस्त्यावर त्यांना वाहनं धडकण्याच्या घटना वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातात.

तिथे शिकार कायदेशीर आहे. तरीही उपनगरात ती सोपी ठरलेली नाही. घरांच्या ठरावीक अंतरात बंदूक चालवायला अनेक राज्यांत मनाई आहे, म्हणून धनुष्यबाण वापरतात. बाण लागलेलं हरीण जागीच पडतं असं नाही. ते धावत शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन मरतं, आणि तो शेजारी शिकारीच्या विरोधात असला की गावात भांडण उभं राहतं. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनने पगारी नेमबाज बोलावले तेव्हा गाव दुभंगलं. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर माद्यांना गर्भनिरोधक लस टोचून पाहिली, तर स्टेटन आयलंडवर 2016 पासून नरांची नसबंदी झाली. हे उपाय बंदिस्त बेटावर थोडे तरी चालतात, मोकळ्या मुलखात बाहेरून नवी हरणं येतच राहतात. एकेका जनावराला पकडायचा खर्चही मोठा.

त्या अनुभवातली एक गोष्ट मात्र आपण घेण्यासारखी आहे. 1937 च्या कायद्याने अमेरिकेने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. हरणांपासून ज्यांना आनंद मिळतो, त्यांच्या खिशातून हरणांचा खर्च निघतो. आपल्याकडे शिकार नाही हे चांगलंच आहे, पण हा हिशोबही नाही.

येवल्यात बंदूक का चालणार नाही

समजा, उद्या काळवीट मारायची परवानगी मिळाली. पुढे काय होईल? परवानाधारक बंदूक मोजक्या शेतकऱ्यांकडे असते. म्हणजे बाहेरून शिकारी बोलवावे लागतील. रायफलची गोळी सपाट माळावर फार लांब जाते, आणि इथे दर दोन-तीन शेतांआड वस्ती आहे. हरभऱ्यात रात्री पाणी भरणारा माणूस दुरून कसा ओळखणार? कळपावर गोळी झाडली की तो उधळून पलीकडच्या गावात जातो. पीक वाचतं एकाचं, जातं दुसऱ्याचं.

मोठ्या प्रमाणावर मारून काय साधतं, हेही देशाने पाहिलं आहे. केंद्राने रोहीला काही काळ उपद्रवी ठरवल्यावर 2016 मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात बाहेरचे नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारल्या गेल्या. त्याच सुमारास चंद्रपुरात 53 रानडुकरं मारली गेली. त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत, प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी यांच्यात, जाहीर वाद झाला. वाद गाजला, पण प्रश्न दोन्हीकडे शिल्लक राहिला. भरपूर खाणं असलेल्या मुलखात रिकामी झालेली जागा भरून निघते.

आणखी एक अन्याय विसरता येणार नाही. फासे वापरून हरणं-तितर धरणाऱ्या आणि बैलाच्या आडोशाने काळविटाजवळ जाणाऱ्या फासेपारध्यांचं पोट याच माळांवर चालायचं. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ त्यांना बसली, आणि पुढे वन्यजीव कायद्याने त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. ज्या राजे-साहेबांनी हौसेसाठी कळप संपवले त्यांचे फोटो दिवाणखान्यात लागले, आणि पोटासाठी एक हरीण धरणारा तुरुंगात गेला. उद्या परवाने सुरू झाले, तर ते बंदूक आणि ओळख असलेल्यांच्याच हाती पडतील, ही शंका रास्त आहे.

बंदी असूनही मरणारी

बंदूक नको म्हटल्याने हरणं वाचतात असं मात्र नाही. उन्हाळ्यात पाणी शोधताना ती कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. मोकाट कुत्री कळपाला पळवून दमवतात आणि पाडसं फाडतात. रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसते. वैतागलेला एखादा कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडतो, आणि त्यात हरणाबरोबर शेजारचा माणूसही मरू शकतो. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा, न मारणारा असतो. थेट वीज सोडणं हा गुन्हाच आहे.

कळपावर नैसर्गिक अंकुश ठेवणारा लांडगाही आता माळावर विरळ झाला आहे. आपण शिकारी प्राणी घटवला, कुरणं नांगरली, मोकाट कुत्री वाढू दिली, आणि उरलेलं ओझं शेतकऱ्याच्या बांधावर ठेवलं. एखाद्या जिवाला मारायचं नाही असं ठरवणं सोपं आहे. त्याला जगू द्यायला गवत, पाणी आणि जागा द्यावी लागते.

खर्च कुणी उचलायचा

ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्यावर उघड टीका केली होती. स्थानिक लोकांच्या नियंत्रणाखाली मर्यादित शिकार होऊ द्यावी, असं त्यांचं मत होतं. केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना अधिकार दिले. वस्तीत घुसणाऱ्या रानडुकरांबाबत हा विचार मला पटतो. माळावरच्या काळविटाबाबत नाही. पण गाडगीळांच्या मतातला गाभा कुणालाही नाकारता येणार नाही: निर्णय आणि भुर्दंड एकाच माणसाच्या वाट्याला यायला हवेत. आज निर्णय मुंबई-दिल्लीत होतो आणि भुर्दंड ममदापूरला पडतो.

पीकहानीची भरपाई सरकार देतं, पण त्यासाठी तातडीने अर्ज, वन-कृषी-महसूल खात्यांचा पंचनामा आणि मग प्रतीक्षा. रात्री अर्धा वाफा खाल्ला, चार दिवसांनी आणखी थोडा, अशा तुकड्यांच्या नुकसानीचा पंचनामा होत नाही. राखणीच्या रात्री आणि भीतीपोटी सोडून दिलेलं पीक कुठल्याच कागदावर येत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांनी केलेलं पीकनुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत 2026 च्या खरिपापासून घ्यायचं जाहीर केलं. नुकसान 72 तासांत अ‍ॅपवर फोटोसह कळवायचं आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग, हे राज्याने अधिसूचित करायचं आहे. या यादीत काळवीट आणि येवला असायलाच हवेत. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी त्याचा पाठपुरावा करावा.

पकडून हलवणं हाही मार्ग आहे. मध्य प्रदेशात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाजापूर भागात दक्षिण आफ्रिकी तज्ज्ञांच्या मदतीने, हेलिकॉप्टरने कळप नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात वळवून आठशेहून अधिक काळविटं सुरक्षित हलवली गेली. हे खर्चिक आहे, पण अशक्य नाही.

त्याआधी घरचं काम आहे. कायद्यानुसार संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचेही असतात. ही समिती खऱ्या अर्थाने चालवावी. माळावर गवत राखणं, पाणवठे उन्हाळाभर भरलेले ठेवणं, विहिरींना कठडे, मोकाट कुत्र्यांची नसबंदी, सामुदायिक झटका कुंपण, ही कामं तिच्या हाती पैशांसह द्यावीत. काळवीट बघायला येणाऱ्यांकडून शुल्क घेऊन ते थेट गावाला द्यावं.

नाशिक शहरात गल्लीत बिबट्या शिरला की मोबाइलवर क्षणाक्षणाची बातमी फिरते आणि वन खातं धावतं. ते योग्यच आहे. येवल्याच्या शेतातलं रोजचं नुकसान मात्र बातमी होत नाही, कारण ते झोपलेल्या शहरापासून दूर होतं. काळविटाला मारू नका, असं शहरातल्या आपण सगळ्यांनी म्हणत राहावं. पण ते म्हणण्याचा हक्क फुकट मिळत नाही. आपल्या करातून, आपल्या विम्यातून, माळ पाहायला जाताना दिलेल्या तिकिटातून त्याची किंमत चुकवली, तरच येवल्याच्या शेतकऱ्याला आपण डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकू, की हे जनावर तुमचं-आमचं दोघांचं आहे.