आधी दोष शोधा, मग डाख द्या

रायपूरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. नौतपाच्या नऊ दिवसांत तर पंख्याचा वाराही गरम लागतो. अशा दिवसांत जुना गेम कन्सोल थोडा वेळ चालून बंद पडतो आणि गार झाला की पुन्हा सुरू होतो. त्यात मॉडचिप, म्हणजे कन्सोलची बंधने उठवणारी जादा चिप, बसवलेली असेल, तर पहिला संशय मागाहून जोडलेल्या बारीक तारांच्या डाखांवर घ्यावा.

एक अंश तापमान वाढले की एक मीटर तांबे सुमारे 17 मायक्रोमीटर वाढते, सिलिकॉन जेमतेम 3. कन्सोल तापताना आणि निवताना या फरकाचा ताण सांध्यांवर येतो आणि कच्चा सांधा आधी तडकतो. डाख देताना केवळ सोल्डर वितळले, खालचे तांबे तापलेच नाही, तर कथिल आणि तांबे यांच्या संयुगाचा पातळ थर नीट तयार होत नाही. सोल्डर नुसते वर बसून राहते. कारागीर याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

हीट गनने बोर्ड शेकला की बंद कन्सोल कधी कधी चालू होतो. पण त्यावरून दोष कुठे होता, हे कळत नाही. एक्सबॉक्स 360 चेच पाहा. त्याच्या बिघाडांमुळे मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. बोर्ड आणि चिप यांमधले डाख सुटतात, असे अनेक वर्षे मानले गेले. 2021 मध्ये कंपनीच्याच माहितीपटात उलगडा झाला, की तडे चिपच्या आतल्या जोडण्यांत होते.

म्हणून शोध क्रमाने घ्यावा. प्लग काढा, पॉवर सप्लायचे कपॅसिटर नंतरही भारित राहतात, त्यांना हात लावू नका. तिरप्या उजेडात भिंगातून प्रत्येक डाख पाहा. शिसेविरहित डाख मुळातच निस्तेज दिसतो, त्यामुळे चकाकीपेक्षा सोल्डर पॅडवर नीट पसरले आहे का, हे महत्त्वाचे. मग मल्टिमीटर रोधावर ठेवून तार अलगद हलवा. आकडा उड्या मारू लागला, तर दोष तिथेच आहे. तिथे फ्लक्स लावा, पॅड आणि तार दोन्ही तापवून नवा डाख द्या. 183 अंशांना वितळणारे 63-37 कथिल-शिसे हाताळायला सोपे, मात्र धूर टाळावा आणि हात धुवावेत. शेवटी तार चिकटवून टाका, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही.

सांधा सापडेपर्यंत हीट गन बाजूलाच ठेवा. आंधळेपणाने दिलेली उष्णता चांगले डाखही बिघडवते.