इंडिगोचा नफा कुठून येतो

विमान कंपनी काढून हात पोळून घेतलेल्यांची आपल्याकडे वाण नाही. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. याच बाजारात 2006 च्या ऑगस्टमध्ये उतरलेल्या इंडिगोने 2023-24 साली 8,172 कोटी आणि पुढच्या वर्षी 7,258 कोटी रुपये नफा कमावला. श्रेय बहुधा वक्तशीरपणाला दिले जाते. खरी गोम मात्र खरेदीत आहे. संस्थापक राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी पहिले उड्डाण होण्याच्या वर्षभर आधीच एअरबसकडे 100 विमाने नोंदवली आणि घाऊक गिऱ्हाइकाची सवलत पदरात पाडून घेतली. विमान हाती आले की ते भाडेपट्टी कंपनीला विकायचे, तेच भाड्याने चालवायचे आणि जुने होण्याआधी परत करायचे. भांडवल अडकत नाही आणि ताफा नवा राहिल्याने इंधन कमी जळते. इंधन हाच तर सर्वांत मोठा खर्च. बहुतेक विमाने ए-320 कुटुंबातली असल्याने वैमानिक आणि सुटे भाग कुठेही चालतात. हीच काटकसर प्रवाशाच्या हातातल्या कपापर्यंत पोचते: कोरडा उपमा, वर गरम पाणी, झाकण लावून थोडा वेळ थांबायचे.

यावर आक्षेप असा की देशातला साठ टक्क्यांहून अधिक बाजार एकाच कंपनीकडे असेल तर नफा होणारच, त्यात कर्तबगारी कसली? पण 2021-22 मध्येही निम्म्याहून अधिक बाजार इंडिगोकडेच होता आणि तोटा सहा हजार कोटींवर गेला. नुसत्या वाट्याने पैसा येत नाही. विमान दिवसभर भरलेले आणि हवेत असावे लागते. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे एकाच कंपनीवर अवलंबून राहण्याचा धोका, मात्र खोडता येत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर माणसे पुरली नाहीत, डिसेंबरमध्ये हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सरकारने वेळापत्रकात 10 टक्के कपात करायला लावली. नियम अचानक आले नव्हते. जादा माणूस ठेवायचा नाही, या शिस्तीनेच नफा दिला आणि त्याच शिस्तीने तेव्हा घात केला. इतर कंपन्यांकडे तेवढी विमानेच नसल्याने अडकलेल्या प्रवाशाला जायलाही जागा नव्हती.

म्हणूनच पुढची वाढ अवघड वाटते. जून 2023 मध्ये नोंदवलेली 500 विमाने जुन्याच गणितातली आहेत. लांब पल्ल्यासाठी मागवलेली ए-350 तशी नाहीत. जुलै 2025 पासून मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला जाणारी, दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने आणलेली बोइंग विमानेही तशी नाहीत. त्यांत वेगळे आसन आहे, वेगळे जेवण आहे आणि प्रशिक्षणही वेगळे लागते. विमानांची भाडी डॉलरमध्ये मोजावी लागतात, त्यामुळे रुपया घसरला की देणे आपोआप फुगते. युरोपचा प्रवासी तिकिटाचे पैसे पौंड किंवा युरोत देईल, हा त्यावरचा उतारा. पण त्यासाठी एअर इंडिया आणि आखाती कंपन्यांशी झुंजावे लागेल, आणि तिथे निव्वळ स्वस्त असण्याला फारसे मोल नाही.