गॉगलची हमी

ऊन सर्वांना सारखेच लागते, आणि त्यातील अतिनील किरण ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवण्याचे काम हजार रुपयांच्या आतला, प्रामाणिकपणे बनवलेला गॉगलही चोख बजावतो. मग त्याच कामासाठी जो गृहस्थ बारा-पंधरा हजार मोजतो तो नावाच्या दिमाखाखेरीज आणखी काय विकत घेतो, असा प्रश्न कोणाही मितव्ययी माणसास पडावा. माझ्या मते त्या रकमेचा काही हिस्सा तरी वचनाचा असतो. वस्तू बिघडली तर तिची जबाबदारी कोणीतरी घेईल, हे ते वचन.

रे-बॅनचे उदाहरण घ्या. त्या गॉगलवर सामान्यतः दोन वर्षांची हमी मिळते, पण ती केवळ निर्मितीदोषापुरती. ही नाममुद्रा १९३७ साली अमेरिकेतील बॉश अँड लॉम्बने काढली आणि १९९९ पासून ती इटलीच्या लक्झॉटिकाकडे आहे. सबब आपले दुकान दादरचे असो की कोथरूडचे, दोष कोणाचा याचा निवाडा बहुधा गल्ल्यावर होत नाही, माल सेवाकेंद्राकडे रवाना होतो. तेथे गॉगल हाच मुद्देमाल आणि गॉगल हाच साक्षीदार.

आणि हा साक्षीदार बोलका असतो. पोलराइज्ड भिंगात दोन थरांच्या मध्ये एक पातळ पटल असते. आघाताची खूण नसताना कडेला बुडबुडे धरले, थर सुटू लागले, तर संशय कारखान्याकडे वळतो. भिंगाच्या पृष्ठभागावरील ओरखडे मात्र सदऱ्याच्या टोकाने पुसणाऱ्या मालकाविरुद्ध साक्ष देतात. लेपावर उमटलेली कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पुष्कळदा वैशाखातल्या बंद मोटारीची देणगी असते, कारण तापल्यावर प्लॅस्टिक आणि वरचा लेप सारखे प्रसरण पावत नाहीत. काडी बाहेरच्या बाजूस वाकली असेल, तर एका हाताने गॉगल ओढून काढण्याची, सिनेमातील नायकांनी आपल्याला लावलेली, ती ऐटबाज सवय उघडी पडते.

इतके असूनही संशयास्पद प्रकरणे उरतातच, आणि विक्रीनंतरच्या सेवेची खरी परीक्षा तेथेच होते. चांगला दुकानदार गॉगल ताब्यात घेतानाच त्याच्या स्थितीची नोंद करून पोच देतो, मुदत सांगतो, नकार आल्यास त्याचे कारण लेखी मागवून घेतो, आणि ती चौकट बाजारातून गेली असेल तर तोडीची दुसरी निवडू देतो. नाकावरची घसरती गादी बदलणे किंवा बिजागरीचा सैल स्क्रू आवळणे यांसाठी तो हमीपत्र मागत नाही. असा मनुष्य भेटला की पुढचा चष्माही आपण त्याच्याकडूनच करवून घेतो.

याउलट ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य बिलावर छापून निश्चिंत होणाऱ्यांची जमात आपल्याकडे जुनी आहे. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. प्रथम १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने न भागल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे, तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस तेथे शुल्क नाही, आणि दोष नुसत्या पाहणीने ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पंधरा हजारांच्या गॉगलसाठी एवढी यातायात करणारे थोडे. परंतु हा मार्ग माहीत असलेल्या ग्राहकाशी दुकानदाराचा आवाज किंचित मृदू होतो, हे मी पाहिले आहे.

या सर्व व्यवहाराचा मूळ दस्तऐवज म्हणजे पावती, आणि ती हल्ली उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापली जाते. दोन वर्षांच्या हमीचा हा पुरावा काही महिन्यांतच फिकट होऊ लागतो, आणि गॉगलबरोबर मोटारीत राहिला तर त्याच्याही आधी कोरा होतो. तेव्हा दुकानाची पायरी उतरण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र काढून घ्यावे.