संगणक सुरू होत नाही? आधी हे पाहा

● दिवा, पंखा काहीच चालू नाही : प्लग, केबल आणि मग पॉवर सप्लाय तपासा.
● पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी : वीज बंद करून रॅमच्या पट्ट्या काढा आणि एकेक घट्ट बसवून पाहा.
● तारीख-वेळ सारखी मागे जाते : मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा ‘सीआर २०३२’ सेल बदला.
● गेम खेळताना अचानक बंद : प्रोसेसर तापतोय. अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा.
● हार्ड डिस्क टकटक वाजते : इतर काही करण्याआधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा.

सावधान : पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरचा जबर शॉक बसू शकतो.