घोंगडीच्या खोळीचं गणित

जॅकेट महागाचं होतं. घाम बाहेर टाकतं, असं लेबलवर छापलेलं. तरी जुलैत लोहा तालुक्यातल्या माळावर मातीचे नमुने खणताना दोन तासांत माझा शर्ट आतून चिंब. शिवण उसवली का म्हणून उलटंपालटं करून पाहिलं. पाणी पावसाचं नव्हतंच, घाम होता. शेजारी मेंढरं राखणारे काका घोंगडीची खोळ घेऊन निवांत उभे. "लेकरा, त्या पिशवीत उकडत न्हाई का?" वाफेचं गणित येत असूनही मी गप्प.

तर उत्तर असं. अशा जॅकेटात ताणलेल्या टेफ्लॉनचा पडदा असतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांना ते ताणायची युक्ती सापडली. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून खूप लहान, बाष्पाच्या रेणूहून मोठी. पण वाफ आपोआप बाहेर जात नाही, तिला बाष्पदाबातला फरक ढकलतो. त्वचेजवळ, ३३ अंशांना, हा दाब जास्तीत जास्त ५ किलोपास्कल. युरोपातल्या डोंगरावर ८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरा: बाहेर जेमतेम १, फरक ४. आपल्याकडे पावसात २५ अंश, ९५ टक्के: बाहेर ३, फरक उरला २. जोर निम्मा! त्यात वरचं कापड भिजलं की वाट आणखी अडते.

लोकरीच्या केसावर स्निग्ध थर असतो, त्यामुळे थेंब ओघळतो. गाभा मात्र वाफ पितो, स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के, आणि तेव्हा थोडी उष्णताही सोडतो. वाऱ्यात एका जागी उभ्या राखणदाराला ती ऊब हवीच असते, खणणाऱ्याला नको. पण माझ्या मते निम्मं श्रेय लोकरीचं नाहीच. खोळ खालून उघडी असते, हवा खेळते; घामाला कापडातून जावंच लागत नाही.

घोंगडी वॉटरप्रूफ नाही, हेही सांगतो. झड लागली की ती भिजते, जड होते, वाळता वाळत नाही. मोटारसायकलवर तर नकोच. पण रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण.

मी घ्यायची ठरवली आणि काकांना विचारलं, कुठं मिळेल? ते हसले. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीला गिऱ्हाईक नाही, कातरलेली लोकर तशीच टाकून देतात. भाव मटणाला, म्हणून लोकर नसलेल्या जातींशी संकर चाललाय. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून विणणारा त्यांच्या ओळखीत आता कुणी नाही. "ही वडिलाची हाय. फाटली की मग खताच्या पोत्याची खोळ."