व्हिक्टोरियाकालीन इंग्रज शेतकऱ्याचें घर

इंग्लंडच्या खेड्यांतील शेतकऱ्याचें घर म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें गवतानें शाकारलेली, वेलींनीं झांकलेली झोंपडी उभी राहते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, बांधलेलें मोठ्या शेतकऱ्याचें घर त्याहून अगदीं निराळें. विटांची किंवा दगडाची दुमजली चौकोनी इमारत, मध्यभागीं दरवाजा, दोहों बाजूंस सारख्या खिडक्या आणि वर पाटीच्या दगडाचें छप्पर, असा त्याचा सर्वसाधारण थाट. मात्र हें घर बहुधा शेतकऱ्याच्या मालकीचें नसे. जमीन जमीनदाराची आणि घरही त्याचेंच. शेतकरी केवळ खंड भरणारें कूळ. पैसेवालें, हुशार कूळ मिळावें व टिकावें, म्हणून जमीनदार असें घर बांधून देई.

या घराच्या रूपास सरकारी करही कारण झाले. कांचेवरील कर १८४५ सालीं, विटांवरील १८५० सालीं आणि १६९६ पासून चालत आलेला खिडक्यांवरील कर १८५१ सालीं रद्द झाला. खिडक्या वाढल्या, तावदानें मोठीं झालीं. पुढें आगगाडीनें वेल्समधील पाटीचा दगड दूरदूरच्या परगण्यांत स्वस्तांत पोहोंचविला आणि गवती छपरें मागें पडलीं. त्या खिडकीपट्टीची एक गंमत आहे. दूधदुभत्याच्या खोलीस तींतून सूट असे. परंतु तेथें ‘डेअरी’ अशीं अक्षरें रंगविलेलीं असावीं लागत. कांहीं जुन्या घरांवर तीं अद्याप वाचतां येतात!

ही दूधदुभत्याची खोली घराच्या उत्तरेस असे, कारण त्या देशांत सूर्य नेहमीं दक्षिणेकडून तळपतो. फरशी दगडी, फळ्या पाटीच्या, खिडकीस जाळी. हेतु एकच, साय सांवकाश धरावी व दूध नासूं नये. लोणी आणि चीज करणें हें घरधनिणीचें काम, आणि घराच्या उत्पन्नांत त्याचा वांटा लहान नसे. आगगाडीनें दूधच शहरांत जाऊं लागलें, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं ही खोली ओस पडली.

घराचे नकाशे पाहतांना मला दर्शनी भागापेक्षां मागची बाजू अधिक बोलकी वाटते. पूर्वीं शेतावरील गडी वर्षाच्या बोलीनें मालकाच्या घरींच राहत व त्याच्याच मेजावर जेवत. दक्षिण व पूर्व इंग्लंडांत ही चाल व्हिक्टोरियापूर्वींच मोडत आली होती. विल्यम कॉबेट या लेखकानें १८२५ सालीं रायगेटजवळ एका शेतघराच्या सामानाचा लिलाव पाहिला. गड्यांच्या पंगतीचें लांबलचक ओकचें मेज निरुपयोगी पडलें होतें, आणि घरांत ‘पार्लर’ नांवाची बैठकीची खोली व नोकरास बोलावण्याची घंटा आली होती. त्याला मनस्वी संताप आला. व्हिक्टोरियाकालीन गवंड्यानें हीच ताटातूट भिंतींत पक्की केली. पार्लरचें तोंड पुढच्या बागेकडे. स्वयंपाकघराचें मागच्या गोठ्यांच्या चौकाकडे. जेथें गडी घरांत राहत, तेथें त्यांच्यासाठीं निराळा जिना; कांहीं घरांत तर त्यांच्या खोलींतून कुटुंबाच्या खोल्यांकडे जाण्यास दारच ठेवलेलें नसे. हें सोयीपेक्षां प्रतिष्ठेसाठीं अधिक, असें माझें मत आहे.

गोठ्यांची मांडणी मात्र खरोखर विचारपूर्वक केलेली दिसते. उंच कोठार उत्तरेस, म्हणजे थंड वारा अडे. गुरांचे चौक दक्षिणेस उघडे, म्हणजे ऊन मिळे. शेणखताचें सत्त्व पावसानें धुऊन जाऊं नये, म्हणून कांहीं शेतांवर संबंध चौकच छपराखालीं घेतला. श्रीमंत जमीनदारांनीं मळणीसाठीं वाफेचें इंजिन बसवून त्याचें धुराडेंही उभारलें.

हा सारा खर्च धान्याच्या चांगल्या भावाच्या भरंवशावर केलेला होता. १८७० नंतर अमेरिकेचें स्वस्त धान्य येऊं लागलें, त्यांत १८७९ चा उन्हाळा पावसानें बुडाला; खंड उतरले आणि कित्येक कुळें जमीन सोडून गेलीं. इमारती मात्र पक्क्या होत्या. आज त्यांतील कित्येक कोठारांचीं राहतीं घरें झालीं आहेत; आणि धान्याचे भरलेले गाडे ज्या उंच दरवाजांतून आंत येत, तेथें आतां जमिनीपासून वरपर्यंत कांच बसविलेली दिसते.